कल्चरचं पाकीट आणि 'प्रगत' प्रयोग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान प्रदर्शनांच्या बातम्यांत 'प्रगत' हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. मॉडेलला सेन्सर जोडला, मोबाइलवर आकडा उमटला, की ते प्रगत. शेजारच्या टेबलावर चार बादल्या आणि एक वही घेऊन बसलेल्या मुलीकडे कोणी फिरकत नाही.

माझ्या मते प्रयोग प्रगत ठरतो तो यंत्रामुळे नाही, तर पडताळता येणाऱ्या म्हणण्यामुळे, म्हणजे 'हायपोथिसिस'मुळे. आधी त्या शब्दाचा घोळ. 'हायपोथिसिस'ला मराठीत सर्रास 'गृहीतक' म्हणतात. भूमितीत युक्लिडची गृहीतकं निमूट मान्य करून पुढे जायचं असतं. प्रयोगात तर म्हणणं मोडतं का, हेच पाहायचं असतं. इंदुरात हिंदीतून शिकणाऱ्या मुलांना 'परिकल्पना' शब्द ठाऊक असतो. आपणही तोच वापरावा.

स्वच्छतेत पहिल्या नंबराची सवय लागलेल्या या शहरात ओल्या कचऱ्याचे प्रयोग हमखास असतात, म्हणून तेच उदाहरण घेऊ. कल्चर म्हणजे कचरा लवकर कुजावा म्हणून त्यात मिसळायचे, पाकिटात मिळणारे जंतू. 'आमच्या कल्चरने खत लवकर होतं' ही जाहिरात झाली. 'या कल्चरमधल्या जिवंत जंतूंमुळे ४० दिवसांत कचऱ्याचं कोरडं वजन, बिनकल्चरच्या बादलीपेक्षा निदान एक दशांश जास्त घटेल' ही परिकल्पना. ती चुकू शकते, हाच तिचा गुण. आणि हे वाक्य तारीख घालून, पहिली बादली भरण्याआधी वहीत उतरलं पाहिजे.

आता बादल्या. सगळा कचरा बारीक चिरून एकत्र कालवायचा आणि मगच प्रत्येकी ५ किलो तोलायचा. नाहीतर एकीत पपईची सालं आणि दुसरीत उसाची चिपाडं जातात. बादल्या दोन पुरत नाहीत. कल्चरच्या पाकिटात जंतूंबरोबर कोंडा, कोकोपीट, कधी गूळही असतो. फरक पडला तर तो जंतूंचा की गुळाचा? म्हणून तिसरा प्रकार हवा: तेच कल्चर, पण मारलेलं. नुसतं उकळून भागत नाही, काही जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. थोडं ओलं करून कुकरमध्ये पूर्ण दाबावर अर्धा तास ठेवावं. जिवंत, मारलेलं आणि काहीच नाही, अशा प्रत्येकी तीन, म्हणजे नऊ बादल्या. कल्चर पाण्यात कालवून घालणार असाल तर तेवढंच पाणी बाकीच्यांतही. कोणत्या बादलीत काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं, जागा रोज बदलाव्यात, आणि वजन करणाऱ्याला बादल्यांचे फक्त नंबर माहीत असावेत.

मुलं घसरतात ती मोजमापात. बादली हलकी झाली म्हणून खत झालं असं नाही, पाणी उडालेलं असतं. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा १०० ग्रॅम नमुना, लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत वाळवून, कोरड्याचं प्रमाण काढावं लागतं. तापमानाचा तर सापळाच. साधारण घनमीटरभर ढीग ६०–६५ अंशांपर्यंत जातो, पण छोट्या बादलीतली ऊष्णता बाजूंनीच निघून जाते. 'तापलं नाही म्हणून कल्चर निकामी' हा निष्कर्ष त्यामुळे फसवा, थर्मामीटर कितीही डिजिटल असो.

इंदूरला हे नवं नाही. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत बसवलेली खतपद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. त्यांचं पुस्तक १९३१चं. साहित्य काय, तर काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, २ फूट खोल; तीन वेळा खालवर करणं, तीन महिन्यांत खत. यंत्र एकही नाही. पण कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण सुरुवातीला ३३ला १ आणि शेवटी १०ला १, असं मोजलेलं होतं. कोणीही खड्डा खणून पडताळावं, इतकं ते उघड.

त्याच हॉवर्डनी असंही मांडलं की निरोगी मातीतला चारा खाल्लेले त्यांचे बैल लाळ-खुरकुत झालेल्या जनावरांच्या संगतीत राहूनही आजारी पडले नाहीत. बैल खरे, निरीक्षणही खरं असेल. पण त्याच गोठ्यात, त्याच संगतीत, वेगळा चारा खाणारे बैल तुलनेला नव्हते. माणूस तोच, पहिल्या कामाला प्रगत म्हणता येतं, दुसरं अंदाजावरच थांबलं.

आपल्या 'कॅट'च्या तर नावातच 'प्रगत' आहे: राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. तिथल्या १७२.५ मीटर परिघाच्या इंडस-२ या वर्तुळाकार यंत्रात (सिंक्रोट्रॉनमध्ये) इलेक्ट्रॉन २.५ गिगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरतात. तिथेही बाहेरच्या संशोधकाला नमुना कोणता आणि काय मोजायचं, हे अर्जात आधी लिहून द्यावं लागतं. नुसतं 'मशीन भारी आहे, बघू काय निघतं' चालत नाही.

प्रदर्शन भरवणाऱ्यांनी परीक्षकांच्या तक्त्यात 'सादरीकरण' आणि 'नावीन्य' यांच्या शेजारी एक रकाना वाढवावा: 'काय दिसलं असतं तर तू म्हणणं मागे घेतलं असतंस?' दहापैकी निदान चार गुण त्याला ठेवावेत, आणि वही प्रयोगाच्या आधीच्या तारखेची आहे का, तेही पाहावं.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर