कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही नको

महोदय,

खंबाटकी किंवा कशेडी घाटात गाडी ठोकली गेली की क्रेन पाव तासात हजर होते. भाव मात्र गाडी हुकाला लागल्यावर कळतो. माणसं वाचली एवढ्याच समाधानात असलेला मालक समोर येईल त्या कागदावर सही करतो आणि चावी देऊन टाकतो. अपघातग्रस्त गाड्यांची पाहणी करणाऱ्या आम्हा सर्व्हेअर मंडळींना पुढे जे दिसतं ते असं : मालकाच्या खिशाला बसणारी बरीचशी चाट आम्ही गाडी बघण्याआधीच बसून गेलेली असते. म्हणून हे पत्र.

कोणी जखमी असेल तर आधी १०८ किंवा ११२. जखमीला उपचार मिळवून देणं, पोलिसांना कळवणं आणि विमा कंपनीला लेखी कळवणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाची जबाबदारी आहे. दुखापत झाली असेल तर पंचनाम्याआधी गाडी हलवू नका. नुसतं पत्र्याचं नुकसान असेल तर आधी फोटो काढा, मग गाडी बाजूला घ्या. दोन्ही गाड्या नंबर प्लेटसह एकाच चौकटीत याव्यात, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा, सांडलेलं ऑइल आणि किलोमीटरचा आकडाही घ्यावा. जवळून काढलेला फुटक्या बंपरचा फोटो एकटा फारसा कामाचा नसतो, कारण त्यावरून धडक कुठून बसली ते कळत नाही. आणि रस्त्यावर उभं राहून ‘चूक माझी, खर्च मी देतो’ असं लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय अशी कबुली द्यायची नाही, ही पॉलिसीतलीच अट आहे.

आता टोचन. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या मदत क्रमांकाला फोन केला की रस्ता मोकळा करण्यासाठी मदत येते. तिथून गॅरेजपर्यंत नेण्याचा व्यवहार वेगळा. गाडीला साखळी लावण्याआधी एकूण रक्कम, अंतर आणि उतरवण्याचं ठिकाण या तीन गोष्टी ठरवा आणि मोबाइलवर मेसेज करून घ्या. गॅरेज निवडण्याचा हक्क मालकाचा आहे. क्रेनवाला ‘जवळच ओळखीचं आहे’ म्हणून नेईल तिथे गाडी उतरली, की पुन्हा दुसरीकडे हलवण्याचा खर्च सहसा स्वतःलाच सोसावा लागतो. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्सची (रस्त्यावरच्या मदतीची) जोड, म्हणजे ॲड-ऑन, असेल तर आधी त्यांनाच फोन करा.

ओढण्याची पद्धतही महत्त्वाची. पुढची चाकं चालवणारी मॅन्युअल गाडी पुढून उचलून, मागचा हँडब्रेक सोडून नेता येते. ऑटोमॅटिक, फोर-व्हील ड्राइव्ह आणि इलेक्ट्रिक गाड्या मात्र चारही चाकं वर घेऊन, सपाट ट्रकवरच न्याव्यात. चाकं फिरत राहिली तर गिअरबॉक्स किंवा मोटर जाते, आणि ते नुकसान अपघातातलं धरलं जात नाही. ओढण्याचा हुक बहुतेक गाड्यांत जॅकजवळ ठेवलेला असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आत फिरवून बसवायचा. घाईत साखळी चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मला अडकवली की आर्म वाकतो आणि अलाइनमेंटचं दुखणं कायमचं मागे लागतं.

पॉलिसीतलं एक वाक्य फार कमी लोक वाचतात : आवश्यक दुरुस्तीआधी गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी. दगडावर आपटून ऑइल चेंबर फुटलं आणि ‘पुढच्या गावापर्यंत जाईल’ म्हणून गाडी चालवली, तर इंजिन जॅम होतं. कंपनी चेंबरचे पैसे देते, इंजिनाचे नाही. रेडिएटर गळत असतानाही तसंच. त्यामुळे खाली ऑइल किंवा कूलंट दिसलं, की चावी काढून खिशात टाका.

गॅरेजमध्ये गाडी उतरली की लगेच क्लेम नोंदवा आणि क्लेम नंबर घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत गाडीचा एक बोल्टही सोडवू देऊ नये. आधी पार्ट उघडले की कोणतं नुकसान अपघाताचं आणि कोणतं जुनं यावर वाद सुरू होतो, आणि वादात नुकसान मालकाचंच होतं. पहिली पाहणी झाल्यावर गाडी उघडायची. पुढून धडक बसली असेल तर कंडेन्सर, क्रॉस मेंबर, एप्रन अशा आतल्या भागांचं नुकसान तेव्हाच दिसतं. त्यासाठी सप्लिमेंटरी (पुरवणी) एस्टिमेट द्यावं लागतं आणि पार्ट बदलण्याआधी सर्व्हेअरला पुन्हा दाखवावं लागतं. बदललेले जुने पार्ट अंतिम तपासणीपर्यंत गॅरेजने ठेवायलाच हवेत.

याच टप्प्यावर काउंटरवरून तीन कागद पुढे येतात : कोरा क्लेम फॉर्म, काम पूर्ण झाल्याचं समाधानपत्र आणि पैसे गॅरेजला देण्याची संमती. ‘नंतर हेलपाटा नको’ म्हणून तिन्हींवर सही घेतली जाते. क्लेम फॉर्म स्वतः भरा. अपघाताचं वर्णन पोलिसांना आणि फोनवर सांगितलं तेच हवं, गाडी कोण चालवत होतं हे तर अजिबात बदलू नका. समाधानपत्रावर गाडी चालवून पाहिल्यावरच सही करा.

पैशांचं गणित सांगतो, कारण ‘कॅशलेस’ म्हणजे फुकट असा समज आहे. झिरो डेप (घसारा न कापण्याची जोड) नसेल तर प्लॅस्टिक, रबर, बॅटरी, टायर, एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर काहीच नाही. धातूच्या पार्टवरचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे : पहिले सहा महिने शून्य, एक ते दोन वर्षं १० टक्के, तीन ते चार वर्षं २५, पाच ते दहा वर्षं ४०. रंगाच्या एकत्रित बिलात २५ टक्के भाग रंगसामग्रीचा धरून त्याच्या निम्मे कापतात. समजा, साडेतीन वर्षांची, १५०० सीसीपेक्षा लहान इंजिनाची गाडी आहे. बंपर ६ हजार, बोनेट ८ हजार, रंगकाम १२ हजार, मजुरी ४ हजार, एकूण ३० हजार, जीएसटी बाजूला. बंपरचे ३ हजार, बोनेटचे २ हजार, रंगाचे दीड हजार आणि सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममागे मालकानेच सोसायची रक्कम) १ हजार, असे साडेसात हजार मालकाचे. शिवाय नट-बोल्ट, कूलंट, एसी गॅस हे ‘कन्झ्युमेबल्स’, त्यासाठी वेगळी जोड नसेल तर तेही खिशातून. हेडलॅम्प हल्ली काचेचे नसतात, त्यामुळे ते प्लॅस्टिकमध्ये धरले जातात. यावरून काउंटरवर रोज भांडणं होतात.

छोटा क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हीही मोजा. ५० टक्के बोनस असलेल्या मालकाचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनसआधी १० हजार असेल, तर क्लेमनंतर तो ५ ऐवजी १० हजार भरतो. मग बोनस २०, २५, ३५, ४५ असा पुन्हा चढतो. पाच वर्षांत जास्तीचे सुमारे साडेबारा हजार जातात. तेवढ्यापेक्षा कमी मिळणार असेल तर बिल स्वतः भरलेलं बरं. बोनस राखणारी जोड घेतली असेल तर हिशेब वेगळा.

दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त न करण्याजोगी, धरली जाते. दुरुस्तीचं काम नसल्याने इथे गॅरेज एस्टिमेटची फी आणि रोजचं पार्किंग भाडं लावतं, म्हणून हे दोन्ही दर पहिल्याच दिवशी लेखी विचारा. आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म २९, ३० कोरे सही करून एजंटाला देऊ नका. भंगारात गेलेल्या गाडीची आरसी आणि चासी नंबर चोरीच्या गाडीला लावले जातात आणि पोलीस मूळ मालकाच्या दारात येतात. खरेदीदाराचं नाव, तारीख आणि रक्कम भरल्याशिवाय सही नाही. उरलेला सांगाडा मोडीतच जाणार असेल तर आरसी रद्द करून घ्या.

गाडी ताब्यात घेताना दिवसाउजेडी घ्या. एअरबॅग उघडली असेल तर बॅगसोबत त्याचं मॉड्यूल आणि ताण देणारे बेल्टही बदलावे लागू शकतात. काही ठिकाणी बॅग न बसवता रेझिस्टर लावून दिवा गप्प केला जातो, आणि हे जिवाशी खेळणं आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर गाडी घेऊ नका. दिवा बरोबर असला तरी बदललेल्या बॅगचं पार्टनंबरसह बिल मागा. अलाइनमेंटच्या आकड्यांची प्रिंट मागा. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते बघा. पुटी जाड थापली असेल तर लोहचुंबक तिथे धरत नाही.

क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय, असं विमा नियामकाचं (आयआरडीएआयचं) २०२४ चं परिपत्रक सांगतं. अहवालाची प्रत मागा आणि कपात कलमनिहाय लिहून मागा. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही वेळेत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर नियामकाचं बीमा भरोसा हे तक्रार पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक आहे. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर त्यापुढे मुंबई-पुण्यातली विमा लोकपाल कार्यालयं आहेत. तिथे वर्षाच्या आत जावं लागतं आणि वकील लागत नाही.

शेवटी दोन मागण्या. टोचनसाठी कारला दीड हजार आणि दुचाकीला ३०० रुपये ही मर्यादा २००२ च्या मोटार टॅरिफमधली, म्हणजे मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकातली आहे. कितीतरी पॉलिसींत आजही तोच आकडा छापलेला आहे, आणि रात्री घाटातून सातारा किंवा महाडपर्यंत गाडी आणायला तो पुरत नाही. कंपन्यांनी तो वाढवावा. आणि परिवहन विभागाने खासगी क्रेनचे किलोमीटरनिहाय दर ठरवून प्रत्येक टोलनाक्यावर आणि घाटाच्या दोन्ही तोंडांना मराठीत मोठ्या अक्षरांत लावावेत, तक्रारीच्या क्रमांकासह.

आपले,
मोटार विमा सर्व्हेअर, सातारा