शताब्दीसाठी पाडलेले सभागृह

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडे जुन्या इमारतींवर 'धोकादायक'च्या नोटिसा डकवल्या जातात. काही इमारती खरोखरच मोडकळीला आलेल्या असतात, काहींची जागा तेवढी मोक्याची असते. सरसकट हातोडा उचलण्याआधी कोलकाता विद्यापीठाच्या सिनेट हाऊस या सभागृहाचे काय झाले, हे सांगलीकरांनी जरूर वाचावे.

१८५७ साली कोलकाता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठे निघाली आणि पुढच्या पंचवीस वर्षांच्या आत तिघांनीही स्वतःची देखणी सभागृहे बांधली. मुंबईचे १८७४ चे सर कावसजी जहांगीर सभागृह आजही जागेवर आहे. आपले सांगलीचे विलिंग्डन कॉलेज तेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेले, त्यामुळे माझ्या आजोबांच्या पदवीवरही मुंबईचाच शिक्का. मी ते सभागृह मुद्दाम पाहून आलो. बारा राशींची रंगीत काचचित्रे असलेली ती भलीमोठी गोल खिडकी पाहताना मान अवघडते, पण नजर हलत नाही. मद्रासचे सिनेट हाऊसही दुरुस्त करून राखले आहे.

कोलकात्याचे मात्र गेले. कॉलेज स्ट्रीटवर, गोलदिघी तलावासमोर १८७२ साली ते उभे राहिले होते. रुंद पायऱ्या, वर उंच खांबांची रांग. वास्तुविशारद वॉल्टर ग्रॅनव्हिल. त्यांनीच आराखडा केलेली तिथली हायकोर्टाची आणि जनरल पोस्ट ऑफिसची इमारत अजून वापरात आहे, म्हणजे माणसाचे काम कच्चे होते असेही नाही!

याच सभागृहात ६ फेब्रुवारी १९३२ रोजी पदवीदान समारंभ चालू होता. बंगालचे गव्हर्नर स्टॅनली जॅक्सन भाषणाला उभे होते. हे गृहस्थ एके काळी इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कप्तान. पदवी घ्यायला आलेली तरुण क्रांतिकारक बीना दास उठली आणि लपवून आणलेल्या रिव्हॉल्व्हरमधून तिने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन बचावले. कुलगुरू हसन सुऱ्हावर्दी यांनी तिला धरले. तिला नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली आणि अडवून ठेवलेली पदवी मिळाली ती मरणोत्तर, थेट २०१२ साली. तोवर ज्या दालनात हे सारे घडले ते जमीनदोस्त होऊन पन्नासेक वर्षे लोटली होती. कारण १९६० साली सिनेट हाऊस पाडले आणि त्या जागी शताब्दी इमारत बांधली. विद्यापीठाला शंभर वर्षे झाली म्हणून त्याची सर्वांत जुनी ओळख पुसायची, हा हिशेब मला आजवर उमगलेला नाही. विद्यार्थी वाढले, वर्ग अपुरे पडू लागले, हे मान्य. पण त्यासाठी नेमकी हीच जागा?

आपणही फार वेगळे वागलो नाही. मिरजेच्या हंसप्रभा थिएटरात १९०५ साली बालगंधर्व पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभे राहिले. आज तिथे बालगंधर्वांच्याच नावाचे नाट्यगृह आहे. नाव जपले याचा आनंदच आहे, पण जुने थिएटर दाखवा म्हणून कोणी पाहुणा आला तर काय दाखवणार? उलट सांगलीचा तुरुंग जागेवर आहे, म्हणून २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा आणि त्यांचे साथीदार कुठून निसटले हे शाळेच्या मुलांना तिथे उभे करून सांगता येते.

प्रत्येक जुनी भिंत राखा, असा हट्ट नाही. ज्या सभागृहांचे आयुष्य खरेच संपले आहे ती पाडावीत. माणसांच्या जिवापेक्षा चुना-वीट मोठी नव्हे. पण आधी त्रयस्थ अभियंत्याकडून तपासणी होऊन तिचा अहवाल लोकांसमोर यावा. पाडायचेच ठरले तर इमारतीची मापे, नकाशे आणि आतून-बाहेरून छायाचित्रे घ्यावीत. वालचंद कॉलेजच्या सिव्हिलच्या मुलांना प्रकल्प म्हणून दिले, तरी हे काम होईल. एक प्रत जिल्हा नगर वाचनालयात ठेवावी. फक्त तळमजल्यावर नको. २०१९ च्या पुराने तिथल्या ग्रंथांची काय गत केली, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

— एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली