नळ्या काढण्याआधी एकदा वाच

प्रिय मित्रा,
स. न.

तुझं पत्र आणि बॉनेटखालचे फोटो परवा मिळाले. खूप आनंद झाला, तो आधी सांगतो. १९७५ची कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्स कार, मूळ इंजिन, मूळ क्वाड्राजेट कार्ब्युरेटर आणि इतक्या वर्षांनंतरही एअर पंपापासून चारकोल कॅनिस्टरपर्यंत सगळं जागच्या जागी! अशी गाडी हाती लागणं म्हणजे नशीबच. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की येत्या शनिवार-रविवारी "हा सगळा कचरा", म्हणजे गाडीचं प्रदूषण कमी करणारी ही सगळी यंत्रणा, उतरवून इंजिन मोकळं करणार. ते वाचल्यापासून माझं कशात लक्ष लागेना. फोनवर एवढं नीट सांगून व्हायचं नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझं मागणं एकच आहे. यातलं काहीही काढू नकोस. जे आहे ते आधी धड कर, महिनाभर गाडी चालव, आणि मग ठरव.

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाही. माझी ती पहिली दोन सीटची गाडी तुला आठवत असेल. एका ओळखीच्या मेकॅनिकच्या सांगण्यावरून मी तिचा ईजीआर, म्हणजे जळलेला थोडा वायू इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह, पत्रा मारून बंद केला, पंप उतरवला, कॅनिस्टर काढून टाकीची नळी तशीच उघडी सोडली आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या भागाच्या, तोंडावर एक छोटासा फिल्टर बसवला. एका दिवसाचं काम. संध्याकाळी इंजिन इतकं सुटसुटीत दिसत होतं की मी बराच वेळ बॉनेट उघडं ठेवून नुसता बघत उभा होतो. मग पहिल्याच चढावर, अर्ध्या थ्रॉटलला, डब्यात खडे हलवावेत तसा आवाज यायला लागला. दोन महिन्यांत व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून ऑइल पाझरू लागलं. आणि रोज सकाळी गॅरेजचं दार उघडलं की पेट्रोलचा भपका.

आमची धाकटी तेव्हा चार वर्षांची होती. तिच्या खोलीची भिंत गॅरेजला लागून. एका रात्री तिचं पांघरूण सारखं करायला वाकलो, तर त्या पांघरुणाला पेट्रोलचा वास. मी ते पुन्हा पुन्हा नाकाशी धरलं, दुसरा कसला तरी वास असेल म्हणून. नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या रविवारी सगळ्यात आधी कॅनिस्टर परत बसवला. उतरवलेले भाग एका खोक्यात तसेच पडून होते म्हणून निभावलं. मेकॅनिक तर म्हणाला होता, भंगारात टाका.

म्हणून पहिली गोष्ट कॅनिस्टरची. तो काळा डबा इंजिनाची कणभरही ताकद खात नाही. गाडी उभी असताना टाकीतून आणि कार्ब्युरेटरच्या बाउलमधून जी वाफ निघते ती आतला कोळसा धरून ठेवतो, आणि इंजिन चालू झालं की त्याची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, तीच वाफ सिलिंडरमध्ये नेऊन जाळते. म्हणजे तुझंच पेट्रोल तुला परत मिळतं. तो काढलास तर ती वाफ गॅरेजमध्ये उतरते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. त्याच खोलीत कुठे ज्योत किंवा ठिणगी असेल तर काय होईल हे तुला सांगायला नको.

पीसीव्ही व्हॉल्व्हचंही तसंच. ती तर इंजिनावर उपकार करणारी वस्तू आहे. पिस्टन रिंगांच्या कडेने खाली उतरलेला वायू, पाण्याची वाफ, न जळलेलं पेट्रोल हे सगळं ती क्रँककेसमधून ओढून घेते. ती नसेल तर ऑइलचा चिखल होतो आणि आत साठलेला दाब सगळ्यात कमकुवत सील शोधतो. माझं ऑइल का पाझरत होतं ते मला व्हॉल्व्ह परत बसवून पाझर थांबल्यावर कळलं.

आता ताकदीकडे येतो, कारण तुझं खरं दुखणं तेच. तू लिहिलंस, १९७०च्या गाडीला ३०० हॉर्सपॉवर आणि माझीला १६५, बाकीचे या नळ्यांनी खाल्ले. आकडे दोन्ही खरे आहेत, पण मधल्या वर्षांचा हिशेब मांडून बघ. १९७१मध्ये कमी ऑक्टेनचं, शिसं नसलेलं पेट्रोल चालावं म्हणून कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, १०.२५वरून ८.५वर आणला. आकडा ३००वरून २७० झाला. १९७२मध्ये मोजायची पद्धतच बदलली. तोपर्यंत इंजिन एकटंच मोजायच्या यंत्रावर चढवायचे. एअर क्लीनर नाही, सायलेन्सर नाही, बेल्टवर चालणारी ओझी नाहीत. त्या वर्षापासून गाडीत असतं तसं सगळं जोडून मोजायला लागले आणि जवळपास तेच इंजिन २७०वरून २००वर आलं. रस्त्यावर कुणाचीही गाडी रातोरात सत्तर घोड्यांनी हळू झाली नव्हती. १९७३मध्ये ईजीआर आला तेव्हा आकडा १९०, पुढच्याच वर्षी ईजीआर तसाच ठेवून १९५.

मग आलं तुझं वर्ष, एक्झॉस्टमधले घातक वायू निवळणाऱ्या पहिल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं, थोडक्यात कॅटचं, आणि १९५चे १६५ झाले. इथे तुझं म्हणणं बरोबर आहे, मी ते नाकारत नाही. दोन्ही बाजूंचे एक्झॉस्ट पाइप एकाच डब्यात घुसवले होते, आणि तो डबा उत्प्रेरकाचा लेप दिलेल्या बारीक गोळ्यांनी भरलेला. त्यातून वायू वाट काढत काढत जातो. पण पुढच्याच वर्षी, १९७६मध्ये, कॅट जागेवर असतानाच आकडा १८० झाला, हेही लक्षात घे. आणि आजचे कन्व्हर्टर गोळ्यांचे नसतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उभी जाळी असते, वायू सरळ आरपार जातो. तुझा जुना डबा आतून बसला असेल, गोळ्या वितळून गठ्ठा झाला असेल, तर तो जरूर बदल. तुझ्या गाडीसाठी मान्यता असलेला जाळीचा कन्व्हर्टर बसव. गेलेल्या ताकदीतला एक्झॉस्टमुळे अडलेला वाटा तिथेच सुटेल. नुसता सरळ पाइप टाकून त्याहून फारसं काही मिळत नाही; मिळतो तो आवाज आणि वास. उरलेले घोडे पिस्टनच्या माथ्यात आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टमध्ये अडकलेत. नळ्या काढून कॉम्प्रेशन वाढत नाही.

ईजीआरवर जरा थांबतो, कारण त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. जळलेल्या वायूचा थोडा भाग परत आत सोडला की ज्वलनाचं तापमान उतरतं, आणि साधारण १,३७० अंश सेल्सिअसच्या पुढे जे नायट्रोजन ऑक्साइड झपाट्याने तयार होतात ते कमी होतात. पण हा व्हॉल्व्ह उघडतो कधी? आयडलिंगला नाही, थंड इंजिनाला नाही, आणि पाय पूर्ण दाबलास तर व्हॅक्यूमच उरत नाही, म्हणून तेव्हाही बंद. ज्या क्षणी तुला ताकद हवी असते त्या क्षणी तो तिथे नसल्यासारखाच असतो. तो काम करतो निवांत वेगात, अर्ध्या थ्रॉटलला. तिथलं स्पार्क टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, कंपनीने तो थंडावा धरूनच लावलेलं असतं. थंडावा काढून घेतलास आणि टायमिंग तेच ठेवलंस, तर नॉकिंग होणार, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून सिलिंडरमध्ये ठोके बसणार. माझ्या डब्यातले खडे म्हणजे हेच होतं.

मग अशा गाड्या चालवताना अडखळतात का? कारण बऱ्याचदा यंत्रणा बिघडलेली असते आणि शिव्या मात्र ती असल्याबद्दल खाते. तुझ्या तिसऱ्या फोटोत कार्ब्युरेटरच्या मागची नळी वाकल्या जागी भेगाळलेली दिसतेय. इतक्या वर्षांत रबर कडक होतं, टोकाला चिरतं, तिथून फुकटची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. मी माझ्या गाडीच्या सगळ्या व्हॅक्यूम नळ्या एका दुपारी बदलल्या, एक काढायची आणि तिच्याच मापाची लगेच लावायची, म्हणजे जागा चुकत नाही. अर्ध्याहून अधिक जुन्या नळ्या बोटांनी वाकवताच मोडल्या. संध्याकाळी इंजिन चालू केलं तेव्हा आयडलिंग इतकं शांत होतं की मी दोनदा बॉनेटवर हात ठेवून पाहिला.

ईजीआर तपासायचा तर हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप घे, इंजिन गरम करून आयडलिंगला ठेव आणि व्हॉल्व्हच्या डायफ्रॅमला, म्हणजे आतल्या पातळ पडद्याला, व्हॅक्यूम दे. इंजिन डळमळलं किंवा बंद पडलं तर वाट मोकळी आहे. काहीच फरक पडला नाही तर एकतर डायफ्रॅम फाटलाय किंवा आतली वाट काजळीने बुजलीय. उतरवून खरवडून साफ कर. एअर पंपाला लागणारी ताकद अगदी किरकोळ आहे, तो एक्झॉस्ट पोर्टपाशी ताजी हवा देतो, न जळलेलं तिथे जळावं म्हणून. मात्र त्याच्या नळीवरचा चेक व्हॉल्व्ह नक्की तपास. तो एकाच दिशेने हवा सोडायला हवा. तो गेला की तापलेला एक्झॉस्ट उलटा येऊन आधी नळी भाजतो आणि मग पंप.

एक शंका तुझ्या मनात येईलच, म्हणून आत्ताच सांगतो. जुन्या सपाट टॅपेटच्या (ज्यावर कॅम घासत फिरतो) कॅमशाफ्टसाठी जास्त झिंक-फॉस्फरसवालं ऑइल लागतं आणि फॉस्फरस कॅटला मारतो. खरं आहे. पण ते ऑइल सिलिंडरमध्ये जळून कॅटपर्यंत पोचलं तरच. इंजिन ऑइल खात नसेल तर चिंता नको, खात असेल तर आधी रिंगा आणि व्हॉल्व्ह सील बघायला हवेत. मिसफायरवर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटत नसताना, मात्र एक दिवसही गाडी चालवू नकोस. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि डबा लालभडक होतो.

सगळीच जुनी यंत्रणा चांगली होती असं मी म्हणणार नाही. काही गाड्यांना थर्मल रिअॅक्टर दिले होते, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागी भट्टीच म्हण ना. १९७५ ते ७७च्या अमेरिकेतल्या २.७ लिटर पोर्शे ९११मध्ये त्या उष्णतेने मॅग्नेशियमच्या क्रँककेसमधले हेड स्टड (सिलिंडर हेड आवळून धरणारे बोल्ट) सैल व्हायला हातभार लावला. तशी गाडी तुझ्याकडे असती तर मी हे पत्र असं लिहिलं नसतं. पण तुझ्या गाडीत तसलं काही नाही.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत ही यंत्रणा काढणं मालकालाही मना आहे, आणि कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना दर दोन वर्षांच्या स्मॉग तपासणीतून सूट आहे. तुझी गाडी नेमकी त्या रेषेच्या अलीकडे पडते. पण तपासणीतून सुटका म्हणजे काढायची मुभा नव्हे. इतर ठिकाणी नियम वेगळे आहेत, तुला लागू असलेला स्वतः वाचून घे, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. आणि पुढेमागे गाडी मूळ रूपात कुणाला दाखवायची झाली तर हाच पंप, याच नळ्या, बॉनेटखालचं हेच स्टिकर शोधत फिरावं लागेल.

तू म्हणशील, वर्षाकाठी मी ही गाडी चालवतो तरी किती! बरोबर आहे. छोट्या फेरीत तर कॅट तापायच्या आतच तू घरी पोचलेला असतोस, तेही मला मान्य आहे. पण मित्रा, ही यंत्रणा कुणी गाड्यांवरच्या रागापोटी लावली नव्हती. १९४३च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसवर असा धूर उतरला की लोकांना शत्रूने विषारी वायू सोडला असं वाटलं. तो धूर येतो कुठून हे पुढे हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने शोधलं. त्याआधी तो अननसाचा वास कशाने बनतो याचा अभ्यास करत होता. गाड्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांवर ऊन पडलं की डोळे चुरचुरवणारा, छाती भरून आणणारा तो धूर तयार होतो, हे त्याने दाखवलं. स्वच्छ हवेचा १९७०चा अमेरिकन कायदा, तुझा कॅट, माझा कॅनिस्टर, सगळं तिथून आलं.

आणि मला आकड्यांपेक्षा जास्त आठवतं ते एक दृश्य. माझ्या गाडीतून सगळं काढलेलं होतं त्या दिवसांत एकदा सिग्नलला थांबलो होतो. आरशात मागे एक मुलगा सायकलवर, अगदी एक्झॉस्टच्या रेषेत. त्याने गाडीकडे कौतुकाने पाहिलं आणि मग शर्टाची बाही नाकावर धरली. सिग्नल सुटेपर्यंत ती तशीच होती.

तेव्हा या शनिवारी पाना घे, पण काढायला नको. नळ्या मापून बदल, ईजीआर साफ कर, चेक व्हॉल्व्ह बघ, आणि मग मला कळव पिकअप कसा वाटतो. तरीही समाधान झालं नाही तर कन्व्हर्टरचं आपण मिळून बघू, मी येतो. व्हॅक्यूम नळ्यांच्या नकाशाचं स्टिकर बॉनेटखाली असेल. ते पुसट झालं असेल तर उन्हात कॅमेरा तिरका धरून फोटो काढून पाठव, अक्षरं लागतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती