लेन्सचा उजवा काठ धूसर: कॅलिब्रेशनने हा दोष जात नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतील २४-७० मिमी एफ २.८ लेन्स दुरुस्त न होताच परत आल्याबाबत

महोदय,

लेन्स परत मिळाली. जॉबशीटवर ‘ऑटोफोकस कॅलिब्रेशन केले, लेन्स ठीक’ एवढाच शेरा आहे. तक्रार ऑटोफोकसची नव्हतीच. २४ मिमीला, एफ २.८ वर (लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे असताना) फ्रेमचा उजवा काठ धूसर येतो. मध्य आणि डावा काठ स्वच्छ. फोकस मागेपुढे पडत असता तर आधी मध्य बिघडला असता. एकच बाजू मार खाते तेव्हा आतली एखादी काच केंद्रातून सरकलेली किंवा तिरकी बसलेली असते.

चाचणी विटांच्या भिंतीवर केली: ट्रायपॉड, सेन्सर भिंतीला समांतर, स्टॅबिलायझर बंद, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, २ सेकंदांचा टायमर. लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने फोकस, आधी मध्यावर, मग प्रत्येक कोपऱ्यावर वेगळा. उजव्या कोपऱ्यांवर फोकस करूनही विटांमधले सांधे मऊच राहिले, त्यामुळे फील्ड कर्व्हेचरचे (फोकसचे प्रतल सपाट नसून वक्र असण्याचे) कारण टिकत नाही. मग कॅमेरा उलटा बसवून तीच भिंत टिपली. मांडणी तिरकी असती तर धूसरपणा भिंतीच्या त्याच टोकाला राहिला असता. तो दुसऱ्या टोकाला गेला. त्याच बॉडीवर दुसरी लेन्स लावली तर दोन्ही काठ सारखे, म्हणजे माउंटही (बॉडीवर लेन्स बसते तो भाग) निर्दोष.

हेल्पलाइनने ‘एफ ८ वापरा’ असे सुचवले. दोष झाकला जातो हे खरे, पण एफ २.८ ते एफ ८ म्हणजे ३ स्टॉप, म्हणजे प्रकाश एक अष्टमांश. नाशिकच्या मंगल कार्यालयात जिथे आयएसओ १६०० पुरतो तिथे १२८०० लागेल. एफ ८ च वापरायचे तर एफ २.८ चे पैसे कशाला मोजायचे? सध्या ग्रुप फोटोत उजव्या टोकाच्या येवल्याच्या पैठणीवरचे मोर नुसते पिवळे ठिपके दिसतात.

मागणी अशी: सेंट्रिंग (आतल्या काचा एका अक्षावर आहेत का ते) तपासून दुरुस्त करावे आणि २४, ३५, ५०, ७० मिमीच्या एफ २.८ वरील दुरुस्तीआधीच्या व नंतरच्या रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या) द्याव्यात. झूममध्ये एक टोक सुधारताना दुसरे बिघडू शकते, म्हणून चारही हव्यात. जमत नसेल तर लेन्स बदलून द्यावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली जाईल.

दोन्ही वेळचा कुरिअर खर्च आपला. मागच्या खेपेला खोक्यात बबल रॅपचा एकच थर होता. या वेळी जाड फोम घालावा, धक्क्यानेही सेंट्रिंग जाते.

आपला ग्राहक,
नाशिक

सोबत: जॉबशीट, बिलाची प्रत, चाचणीच्या रॉ फाइल