तुझ्या पत्रातील दोन वाक्ये

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात तुला प्रेमपूर्वक सलाम.

तुझे पत्र मिळाले. सुरुवातीलाच तू लिहिले आहेस की, प्रार्थनेला बसल्यावर शब्द ओठांवर येतात पण मन कोरडेच राहते. उपासना चुकलेली नाही, पवित्र शास्त्राचे वाचनही रोज होते, तरीही ख्रिस्त आपल्या जीवनाच्या केंद्रस्थानी आहे असे म्हणायला जीभ रेटत नाही. पुढे, पत्राच्या अगदी शेवटी, कामावरच्या बातम्या सांगण्याच्या ओघात आणखी एक वाक्य येऊन गेले आहे: तुझ्या हातून झालेल्या एका चुकीचा दोष तुझ्या सहकारी मैत्रिणीवर गेला, तू त्या वेळी गप्प राहिलीस, आणि तेव्हापासून तुम्हां दोघींचे बोलणे तुटक झाले आहे. ही दोन वाक्ये तू चार पानांच्या अंतराने लिहिलीस. मला मात्र ती शेजारी शेजारी दिसली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मनाच्या प्रत्येक कोरडेपणामागे आज्ञाभंगच असतो, असे मी म्हणत नाही. दुःखात सापडलेल्या नीतिमान ईयोबाला देव सापडेनासा झाला तो त्याच्या पापामुळे नव्हे, आणि पाण्यासाठी लुलपणाऱ्या हरिणीसारखा देवासाठी तळमळणारा 42 व्या स्तोत्राचा कर्ताही काही अपराधी म्हणून तळमळत नव्हता. थकवा असतो, आजार असतो, दुःखही असते. तुझे मन मी तुझ्याइतके पाहू शकत नाही. परंतु एका प्रकारचा कोरडेपणा मला चांगला ओळखीचा आहे, कारण तो मी स्वतः वर्षानुवर्षे बाळगला होता.

तू लहान असताना आपल्या घरी दर आठवड्याला प्रार्थनासभा होत असे, हे तुला आठवत असेल. वचन मी सांगत असे. लोक माझ्या प्रार्थनांची वाखाणणी करीत, आणि त्याच काळात मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाशी, तुझ्या काकांशी, बोलत नव्हतो. वडिलांच्या मागे झालेल्या वाटणीत मी त्यांना जे बोललो होतो, ते बोलणे मुळीच योग्य नव्हते. एका सभेची तयारी करताना मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 5 वा अध्याय समोर होता. आपण वेदीपाशी अर्पण आणले असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे तेथे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला जावे, असे प्रभू तेथे सांगतो. त्या वचनावर मी पूर्वी दोन वेळा बोललो होतो, आणि चांगले बोललो होतो. त्या दिवशी मात्र मला पुढे सरकता येईना. प्रभूने भावाच्या मनात काय आहे ते विचारले होते, आणि मी आजवर माझ्याच मनात काय आहे ते तपासून स्वतःला निर्दोष ठरवीत आलो होतो.

मी काकांकडे गेलो. त्यांनी मला आत बोलावले नाही. उंबरठ्यावरच त्यांनी माझे ऐकून घेतले आणि 'बरे' एवढेच म्हणाले. आमचे बोलणे पूर्ववत व्हायला पुढे दोन वर्षे गेली. तरी त्या रात्री मी प्रार्थनेला बसलो तेव्हा, सभेत कोणी ऐकत असताना जे कधी जमले नव्हते ते घडले: माझ्यासमोर कोणी आहे, हे मला जाणवले.

केंद्रस्थान हा शब्द आपण फार सहज वापरतो. दिवसाच्या कामांच्या यादीत प्रभूचे नाव सर्वांत वर लिहिले म्हणजे तो केंद्रस्थानी आला, अशी आपली समजूत असते. परंतु त्याचे म्हणणे आणि माझी इच्छा एकाच दिशेने जात असतात तोवर केंद्रस्थानी कोण बसले आहे हे कळतच नाही. दोन्ही वाटा फुटतात त्या ठिकाणी ते कळते. तुम्ही मला 'प्रभू, प्रभू' म्हणता आणि मी सांगतो ते का करत नाही, असे त्याने विचारले तेव्हा समोर त्याचे विरोधक नव्हते, त्याचे ऐकायला जमलेलेच लोक होते. शौल राजाचेही हेच झाले. शत्रू अमालेकांचे सर्व काही नष्ट करण्याची आज्ञा असताना त्यांच्या कळपांतली उत्तम मेंढरे आणि गुरे त्याने राखून ठेवली आणि ती परमेश्वराला यज्ञ करण्यासाठीच ठेवली आहेत असे सांगितले. त्यावर यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, असे शमुवेल संदेष्ट्याने त्याला सुनावले. सोयीची आज्ञा पाळून गैरसोयीच्या आज्ञेच्या जागी भक्ती ठेवणे ही फार जुनी युक्ती आहे, आणि माझी प्रार्थनासभा तीच युक्ती होती.

येथे तू एक चूक करू नयेस, कारण तुझा स्वभाव स्वतःला कठोरपणे तोलण्याचा आहे. आज्ञापालनाने देवाचे प्रेम मिळवायचे नसते. दहा आज्ञा देण्यापूर्वी, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले, असे परमेश्वर इस्राएल लोकांना सांगतो. सुटका आधी झाली, आज्ञा नंतर आल्या. योहानाच्या शुभवर्तमानातही हाच क्रम आहे. 13 व्या अध्यायात प्रभू शिष्यांचे पाय धुतो, आणि त्यानंतरच 14 व्या अध्यायात माझ्यावर प्रीती असेल तर माझ्या आज्ञा पाळाल, असे म्हणतो. ज्यांचे पाय त्याने धुतले त्यांत थोड्याच वेळात त्याला नाकारणारा पेत्रही होता. म्हणून तू त्या मैत्रिणीकडे गेलीस तर प्रभू तुझा स्वीकार करील, असा हिशेब मनात आणू नकोस. त्याने तुझा स्वीकार केला आहे, म्हणूनच तुला तिच्याकडे जाता येते.

तू कदाचित म्हणशील की, आधी मन जागे होऊ दे, मग जाईन. मीही असाच थांबलो होतो. परंतु त्याच 14 व्या अध्यायात, जो माझ्या आज्ञा पाळतो त्याला मी स्वतः प्रकट होईन, असे वचन प्रभू देतो. गालीलच्या सरोवराकाठी शिमोन, म्हणजेच पेत्र, आणि त्याचे सोबती रात्रभर कष्ट करून रिकाम्या हातांनी परतले होते आणि जाळी धूत होते. प्रभूने धुतलेली जाळी पुन्हा पाण्यात सोडायला सांगितल्यावर कोणत्याही दमलेल्या कोळ्याच्या मनात काय येईल ते तू जाणतेस. शिमोनाला उत्साह आला असे शुभवर्तमानकार लूक लिहीत नाही. 'तरी आपल्या सांगण्यावरून' एवढेच तो म्हणाला. समोर उभा आहे तो कोण हे त्याला उमगले आणि तो गुडघ्यांवर आला, ते जाळी ओढल्यानंतर.

रोजच्या वाचनाविषयी तू विचारले आहेस, त्याबद्दल मला थोडेच सांगायचे आहे. दोन अध्याय घाईने संपवण्यापेक्षा दहा ओळी वाच आणि यात आज मला करण्यासारखे काय आहे, हे प्रभूला विचार. बहुतेक दिवशी उत्तर लहानसे असेल: एखाद्याला दिलेला शब्द, एखादे खरे सांगायचे राहिलेले, एखाद्याविषयी न बोलायचे ठरवलेले. ते संध्याकाळपर्यंत कर, आणि जमले नाही तर ते लपवू नकोस. त्याच्यासमोर तसेच सांग आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ कर.

तुझ्या मैत्रिणीपुरते बोलायचे तर, तिची क्षमा मागणे पुरेसे होणार नाही असे मला वाटते. दोष चारचौघांत तिच्यावर आला होता; ज्या वरिष्ठांसमोर तू गप्प राहिलीस त्यांनाही खरे काय ते सांगावे लागेल. त्याची किंमत तुला मोजावी लागेल, कदाचित बढतीच्या रूपानेही, आणि बाप म्हणून हे लिहिताना माझा हात जड झाला आहे. तीही कदाचित लगेच हसून बोलणार नाही. काकांच्या उंबरठ्यावरचे ते 'बरे' तेव्हा आठव.

कोणत्या दिवशी बोलणार आहेस ते मला कळव. त्या दिवशी सकाळी तुझी आई आणि मी गुडघ्यांवर असू.

तुझे,
बाबा