रोडमास्टर तेलाने मेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतली जुन्या अमेरिकन गाड्यांवरची लेखमाला मी पहिल्या भागापासून वाचतो आहे. फोटो सुरेख असतात आणि माहितीही बहुतेक वेळा नीट तपासलेली असते. या वेळी मात्र ब्युइक रोडमास्टरच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या आणि त्यांतली एक साफ चुकीची आहे. १९७३च्या तेलसंकटाने 'या बोजड गाडीचा बळी घेतला', असे लेखक म्हणतात. तेलसंकट आले तेव्हा रोडमास्टर बंद होऊन पंधरा वर्षे उलटली होती. पुढे नव्वदच्या दशकात ती एकदा पुन्हा आली आणि पुन्हा गेली, तेव्हाही अमेरिकेत पेट्रोलची टंचाई नव्हती. मोठी गाडी म्हणजे तेल पिणार आणि तेलापायीच मरणार, असे समीकरण मांडले की लिहायला सोपे जाते. इथे ते बसत नाही.

ही गाडी समजायची तर जनरल मोटर्सची उतरंड आधी डोळ्यांपुढे आणावी लागते. आल्फ्रेड स्लोन यांनी विसाच्या दशकात कंपनीची घडी बसवली तीच मुळी 'प्रत्येक खिशासाठी एक गाडी' या हिशेबाने. तळाशी शेवरोले, मग पॉन्टिॲक, ओल्ड्समोबाइल, त्यावर ब्युइक आणि शिखरावर कॅडिलॅक. गिऱ्हाइकाचा पगार वाढेल तसा त्याने एकेक पायरी चढावी, पण कंपनीच्या घराबाहेर जाऊ नये. ब्युइकची पायरी डॉक्टर, वकील, पेढीवाले यांची. पैसा हातात आहे, पण कॅडिलॅक दाराशी उभी केली तर पेशंट फीबद्दल कुरकुर करतील, अशा लोकांची.

मंदीत ही मधली पायरीच ढासळली. १९३३मध्ये ब्युइकची विक्री पन्नास हजारांच्याही खाली गेली होती. त्याच वर्षी हार्लो कर्टिस ब्युइकचे प्रमुख झाले. मिशिगनमधल्या फ्लिंटच्या कारखान्यात त्यांनी गाड्या नव्याने आखून घेतल्या आणि १९३६साठी आकड्यांच्या जोडीला नावे दिली : स्पेशल, सेंच्युरी, रोडमास्टर, लिमिटेड. रोडमास्टरला ३२० घनइंचाचे, म्हणजे सव्वापाच लिटरच्या आसपासचे, एका रांगेत आठ सिलिंडरचे इंजिन होते. ताकद १२० अश्वशक्ती. वाल्व डोक्यावर, म्हणजे ओव्हरहेड. ज्या काळात भल्याभल्या महागड्या गाड्याही साइड-वाल्व, म्हणजे वाल्व सिलिंडरच्या बाजूला असलेल्या, जुन्या धाटणीच्या इंजिनावर चालत होत्या त्या काळातली ही गोष्ट. छत सबंध पोलादी पत्र्याचे, ब्रेक हायड्रॉलिक. त्या वर्षी ब्युइकची विक्री दीड लाखाच्या पुढे गेली. चार ओळींत गाडी उरकणाऱ्याने निदान एवढे तरी सांगायला हवे होते.

आता लेखात ज्यांची 'निव्वळ नखरा' म्हणून बोळवण केली आहे, त्या बॉनेटच्या बाजूच्या गोल भोकांविषयी. ब्युइकचे डिझायनर नेड निकल्स यांनी स्वतःच्या १९४८च्या रोडमास्टरच्या बॉनेटला भोके पाडली, आत पिवळे दिवे बसवले आणि त्यांची वायर डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी पुरवणाऱ्या भागाला, जोडली. इंजिन फिरेल तसे दिवे लुकलुकत, जणू लढाऊ विमानाच्या धुराड्यातून ज्वाळा निघताहेत. हा पोरखेळ कर्टिस यांच्या नजरेस पडला, त्यांना तो भारी आवडला आणि १९४९च्या गाड्यांवर भोके आली. दिवे तेवढे गळले. रोडमास्टरला प्रत्येक बाजूला चार, बाकीच्या ब्युइकना तीन. तेव्हा नखरा होताच, नाही कोण म्हणतो? पण त्याला अर्थ होता. गल्लीतल्या पोरालाही भोके मोजून गाडीवाल्याची ऐपत सांगता येत होती. माझा पुढचा सगळा मुद्दा या चार भोकांवर उभा आहे, म्हणून हा तपशील.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवत असे. एका संग्राहकाची १९४९ची रोडमास्टर दुरुस्तीला आली असताना तिच्याजवळ निवांत उभे राहण्याचा योग मला आला. बॉनेट डावीकडूनही उघडते आणि उजवीकडूनही. दोन्हीकडच्या कड्या सोडल्या तर दोघांनी ते आख्खे उचलून बाजूला ठेवावे. आत ते लांबलचक इंजिन. सेल्फचे बटण शोधून सापडत नाही. किल्ली फिरवायची आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, की सेल्फ लागतो. इंजिन सुरू झाले की मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतल्या, व्हॅक्यूममुळे सेल्फचा स्विच आपोआप सुटतो, म्हणून चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर कितीही दाबा, सेल्फ पुन्हा लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा मागमूस नसताना एका पेडलवर दोन कामे घेतलेली पाहून माझ्यातला मास्तर खूश झाला.

त्या गाडीला क्लचचे पेडल नव्हते. डायनाफ्लो ही १९४८मध्ये रोडमास्टरपासूनच सुरू झालेली ऑटोमॅटिक व्यवस्था. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की दुसरा त्याच्या वाऱ्याने फिरू लागतो, तसे इथे वाऱ्याच्या जागी तेल. हाच टॉर्क कन्व्हर्टर. दुसऱ्या महायुद्धात ब्युइकने हेलकॅट नावाचे, रणगाड्यांची शिकार करणारे चपळ वाहन बनवले होते, त्यातही टॉर्क कन्व्हर्टर होता. तो अनुभव इथे कामी आला. डायनाफ्लो नेहमीच्या वापरात गिअर बदलतच नसे. गाडी एका संथ ओढीने निघते आणि वेग घेत राहते, कुठे हिसका नाही. पेट्रोल खूप खाते, उठायला आळशी, हे खरेच. अमेरिकेतही तिची टिंगल व्हायची. माझ्या मते मात्र ज्या गिऱ्हाइकासाठी ती केली होती त्याला ती चपखल होती. डॉक्टरांना कुठे शर्यत लावायची होती?

१९५३ साली ब्युइकला पन्नास वर्षे झाली. त्या वर्षी रोडमास्टरमध्ये ३२२ घनइंचाचे, १८८ अश्वशक्तीचे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडर व्ही आकारात मांडलेले, इंजिन आले. रोडमास्टरच्याच घराण्यात स्कायलार्क नावाची उघडी गाडी निघाली, किंमत ५,००० डॉलर, एकूण गाड्या १,६९०. गंमत म्हणजे तिच्यावर एकही भोक नव्हते. १९५५मध्ये ब्युइक विभागाने सात लाखांहून अधिक गाड्या विकल्या आणि शेवरोले व फोर्डच्या पाठोपाठ अमेरिकेत तिसरा नंबर पटकावला. कर्टिस तोवर साऱ्या जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले होते.

घसरण सुरू होते ती याच भरभराटीतून. तिसरा नंबर मिळवायचा तर डॉक्टर-वकील पुरत नाहीत, शेवरोलेचे गिऱ्हाईक ओढावे लागते. ते ओढले स्वस्तातल्या स्पेशलने. मधल्या गिऱ्हाइकाचे समाधान कसे करायचे? १९५५पासून सेंच्युरी आणि सुपर या मधल्या ब्युइकनाही चार-चार भोके देऊन टाकली. खालून शेवरोलेही व्ही-८ इंजिन आणि क्रोम घेऊन वर चढत होती. मग रोडमास्टर घेऊन माणसाने जास्तीचे मिळवले काय? गाड्या भराभर बाहेर काढण्याच्या नादात दर्जाच्या तक्रारीही वाढल्या.

१९५८मध्ये तर कहर झाला. भोके काढून टाकली आणि पुढच्या जाळीवर क्रोमचे १६० चौकोनी ठोकळे बसवले. वर आणखी, लिमिटेड हे नाव परत आणून रोडमास्टरच्या डोक्यावर बसवले, म्हणजे तिचे उरलेसुरले थोरपणही गेले. त्यातच मंदी. ब्युइकची वर्षाची विक्री अडीच लाखांच्या आत आली, तीन वर्षांपूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. १९५९च्या यादीतून सगळी जुनी नावे पुसली गेली. रोडमास्टरची जागा इलेक्ट्राने घेतली. त्या काळी अमेरिकेत गॅलनभर पेट्रोल पाव डॉलरहून थोडे महाग होते. फोर्डने याच मधल्या पायरीसाठी काढलेली एडसेल १९५७मध्ये आली आणि १९५९मध्ये गुंडाळली गेली. क्रायस्लरची डिसोटो १९६०मध्ये संपली. सगळी मधली फळीच कोसळत होती आणि तेलाचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

दुसरा जन्म थोडक्यात सांगतो. १९९१मध्ये रोडमास्टर हे नाव आठ माणसांच्या स्टेशन वॅगनवर परत आले. बाजूला लाकडाचा भास देणारी पट्टी, मधल्या सीटवर काचेचे छत, मागे तोंड करून बसायची तिसरी सीट. पुढच्या वर्षी सेडान आली आणि १९९४पासून २६० अश्वशक्तीचे इंजिन, शेवरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातले. १९९६च्या अखेरीस ती बंद झाली, कारण टेक्सासमधल्या आर्लिंग्टनचा कारखाना कंपनीला शेवरोले टाहोसारख्या, ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या मोठ्या गाड्यांसाठी हवा होता. त्यांत नफा जास्त होता. त्या गाड्याही पेट्रोल पिण्यात कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. तेव्हा तेलाच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही.

लेखकांनी शिवडीचा उल्लेख केला असता तर मराठी वाचकांना गोष्ट जवळची वाटली असती. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांच्या जुळणीचा कारखाना काढला. इथे नुसती जुळणी चालणार नाही, गाडी बनवायची तयारी हवी, असे सरकारी धोरण ठरले आणि १९५४मध्ये कंपनीने तो बंद केला. आपल्याकडच्या रॅलींत दिसणाऱ्या अमेरिकन गाड्या बहुतांशी त्याआधीच्या असतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

पुढच्या रविवारी पॅकार्डची पाळी असल्याचे चौकटीत छापले आहे. तिची शेवटची गाडी १९५८ची, एवढे लेखकांच्या कानावर घालावे, म्हणजे तेलसंकट तिथे पुन्हा येणार नाही. रोडमास्टरबद्दलची दुरुस्ती त्याच अंकात दोन ओळींत छापलीत तरी पुरे.

आपला,
एक नियमित वाचक (निवृत्त आयटीआय निदेशक), सांगली