सुन्या, २१ तारखेची तिकिटं विकू नकोस

कोलंबस,
१० डिसेंबर २०२४

प्रिय सुन्या,

तब्येत ठीक, शुगर जागेवर, घरी सगळे मजेत. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे अभ्याकडून कळलं, बरं वाटलं. आता मुद्द्याचं.

आपली ओहायो स्टेट मिशिगनकडून अमेरिकन फुटबॉलची मॅच हरली, त्यावर कोच रायन डेवर भडकून तू २१ तारखेच्या टेनेसीविरुद्धच्या प्लेऑफ मॅचबद्दल ग्रुपवर टाकलंस ते वाचलं. टेनेसीवाले चांगला भाव देतायत, दोन्ही तिकिटं काढून टाकतो, डे जाईपर्यंत त्या स्टेडियमात पाऊल ठेवणार नाही. तिथंच उत्तर दिलं असतं तर जोश्या मध्ये पडला असता आणि विषय कुठल्या कुठे गेला असता. म्हणून हे पत्र.

राग मला कळतो. इतर कुणाला सांगायला गेलं की म्हणतात, एक मॅच तर हरलात. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच ज्यानं पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही, आणि आपण दोघांनी ती पाहिली आहे. त्यातून ही हार साधी नव्हती. आपण १०-१, म्हणजे दहा जिंकून एक हरलेले, देशात दुसरे. ते ६-५, रँकिंगच्या बाहेर. त्यांचे बडे खेळाडू विल जॉन्सन आणि लव्हलँड मैदानात नाहीत. सट्टेवाले आपल्याला वीसेक गुणांनी पुढे धरून होते. त्यांच्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे बॉल फेकणाऱ्या वॉरननं, अख्ख्या मॅचमध्ये ६२ यार्ड पासिंग केलं. बासष्ट! आणि तरी १३-१०, आपल्याच घरी, सलग चौथ्यांदा.

४५ सेकंद उरले असताना त्यांच्या झ्वाडाची किक खांबांमधून गेली तेव्हा लाखभर माणसं एकदम गप्प झाली, आणि मग जी हुर्यो उठली ती आपल्याच माणसांवर. त्यानंतर मैदानाच्या मधोमध रंगवलेल्या आपल्या 'ओ'वर त्यांनी झेंडा रोवायला घेतला, आपल्या सॉयरनं तो काठीवरून ओरबाडून काढला, मारामारी झाली, पोलिसांनी मिरपूड फवारली. दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड. झेंड्याबद्दल मला फारसं बोलायचं नाही. जिंकले असतो तर कुणी झेंडा आणलाच नसता.

मला जास्त लागलं ते त्या पोरांचं. सॉयर, तुइमोलोआऊ, एग्बुका, हेंडरसन, बर्क ही २०२१ ला आलेली पोरं. गेल्या वर्षीच एनएफएलला जाता आलं असतं, पण मिशिगनला हरवायचंय म्हणून थांबली. १९३४ पासून मिशिगनला हरवणाऱ्या आपल्या प्रत्येक खेळाडूला ती छोटी सोनेरी पँट, लटकनाएवढी, मिळते, आणि या पोरांना चार वर्षांत एकही मिळाली नाही. सॉयर तर इथलाच, पिकरिंग्टनचा. त्यानं चौथ्या क्वार्टरमध्ये गोललाइनजवळ वॉरनचा बॉल पकडून मॅच वाचवली होती. आपल्या ऑफेन्सला त्याचंही काही करता आलं नाही.

आता तुझं म्हणणं, डेला हाकला. भावा, आकडे तुला पाठ आहेत. एकूण ६६-१०, मिशिगनविरुद्ध १-४, आणि तो एक विजय २०१९ चा. १-४ वाईट आहे, मी त्याची बाजू सावरत नाही. पण १९८७ आठव. आपला तेव्हाचा कोच अर्ल ब्रूस, त्याला मिशिगनच्या मॅचच्या आठवड्यातच काढला. ८१-२६-१ चा (शेवटचा आकडा बरोबरीचा) माणूस, आणि मिशिगनविरुद्ध त्याचा हिशोब शेवटी ५-४ असा झाला, कारण पोरांनी डोक्याला 'अर्ल' लिहिलेल्या पट्ट्या बांधून अॅन आर्बरमध्ये ती मॅच २३-२० अशी त्याच्यासाठी जिंकली. त्याच्या जागी कोण आला? कूपर. तेरा वर्षं, मिशिगनविरुद्ध २-१०-१. रागात काढलेल्या कोचच्या जागी ट्रेसेल येतोच असं नाही. तू नेहमी २००१ चं, ट्रेसेल आला त्या वर्षाचं, उदाहरण देतोस, पण २००१ पर्यंत पोचायला मधली तेरा वर्षं काढावी लागली होती. शिवाय डेचा करार आत्ता तोडायचा तर ३.७ कोटी डॉलरच्या आसपास मोजावे लागतील, आणि आपला अॅथलेटिक डायरेक्टर ब्योर्कनं त्याच्या पाठीशी असल्याचं उघड सांगितलंय. तेव्हा २१ तारखेला साइडलाइनवर डेच असणार. तू आलास तरी आणि नाही आलास तरी.

(२०१६ च्या मिशिगन मॅचमध्ये त्या चौथ्या डाउनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, आपला बॅरेट कमी पडला होता असं अजून म्हणणारा बकाय, म्हणजे ओहायो स्टेटवाला, मी जगात एकच पाहिला, आणि तो स्पॅगेटीवर चिली ओतून खाणाऱ्या सिनसिनाटीत राहायला गेला. मिसळ खाऊन वाढलेल्या माणसाचं हे काय झालं!)

आता खरं कारण, जे ग्रुपवर कुणी बोलत नाही. सगळे डेचा भित्रेपणा, डेचं दडपण असं बोलतात. मॅच गेली ती लाइनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पुढच्या पाच जणांच्या रांगेत. ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनला सिमन्सचा गुडघा गेला, म्हणजे लेफ्ट टॅकल, रांगेच्या डाव्या टोकाचा माणूस, गेला. डोनोव्हन जॅक्सनला शेजारच्या गार्डच्या जागेवरून टॅकलवर सरकवला आणि गार्डला हिन्झमन आणला. तरीही जमलं होतं. पेन स्टेटला आठव, त्यांना गोललाइनवर अडवल्यावर ५:१३ उरले होते आणि बॉल आपल्याच १ यार्डावर. तिथून एकही पास न टाकता नुसतं रन करत अख्खं घड्याळ संपवलं आणि २०-१३ जिंकलो. त्या वेळी मधोमध, सेंटरला, मॅकलॉक्लिन होता. इंडियानाच्या आठवड्यात सरावात त्याची टाचेमागची अकिलीस शीर तुटली. मग हिन्झमन सेंटरला गेला आणि गार्डची जागा पुन्हा नव्या पोरांवर आली. पाच-सहा आठवड्यांत डावा टॅकल, डावा गार्ड आणि सेंटर, तिन्ही जागांवरची माणसं बदलली.

सेंटर बदलला की फक्त बॉल मागे देणारा, स्नॅप करणारा, हात बदलतो असं लोकांना वाटतं. पण समोरची मांडणी बघून कुणी कुणाला धरायचं हे सेंटरच ओरडून सांगतो. कोणता लाइनबॅकर, म्हणजे समोरच्या रांगेमागचा बचावपटू, येणार, लाइन डावीकडे वळणार की उजवीकडे, सगळं तो ठरवतो. त्याची हाक चुकली किंवा गार्डला ऐकू गेली नाही की एक माणूस मोकळा सुटतो. त्यात समोर मिशिगनचे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, दोघंही तीनशे पौंडांच्या वरचे. त्यांच्यातल्या एकेकाला दोघांनी मिळून धरावं लागतं, मग मागच्या लाइनबॅकरपर्यंत पोचायला माणूसच उरत नाही. आणि आपण काय केलं? पहिल्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड काढायच्या चार प्रयत्नांतल्या पहिल्याला, जडकिन्स नाहीतर हेंडरसनला बॉल देऊन बरोबर त्या दोघांच्या मध्येच घातलं. पुन्हा पुन्हा. २६ रन, ७७ यार्ड. पहिल्या डाउनला एक-दोन यार्ड मिळाले की तिसऱ्याला सात-आठ उरतात, आणि तिसऱ्याला सात उरले की त्यांचा डिफेन्सचा कोच मार्टिनडेल हव्या त्या बाजूनं ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं, सोडायला मोकळा. आपला क्वार्टरबॅक हॉवर्डचे दोन बॉल त्यांच्या हातात गेले ते याच मॅचमध्ये. एक हॉलनं पकडून थेट आपल्या २ यार्डापर्यंत आणला, त्यावर त्यांचा एकमेव टचडाउन. म्हणजे आपल्या डिफेन्सनं खरं तर दोन फील्ड गोलच (किकचे तीन-तीन गुण) दिले. वर आपल्या किकरच्या, जेडन फील्डिंगच्या, दोन किक हुकल्या, ३४ आणि ३८ यार्डांच्या, दोन्ही चाळिशीच्या आतल्या. त्या सहा गुणांत मॅच आपली होती.

बाहेर जेरेमाया स्मिथसारखा पोरगा उभा असताना दुसऱ्या हाफमध्ये त्याच्याकडे बॉल क्वचितच गेला. हा माझा डेवरचा आणि ऑफेन्सचा कोच केलीवरचा खरा राग आहे. 'आपण दणकट आहोत' हे मिशिगनला दाखवायची हौस. २०२१ पासून 'सॉफ्ट' म्हणून हिणवलं गेलं ते मनातून जात नाही, म्हणून मधूनच घुसायचं. ज्या जागी आपली माणसं जायबंदी तिथंच दणकटपणा दाखवायचा हा कुठला हट्ट?

दुरुस्ती अवघड नाही. बॉल लवकर हातातून सुटायला हवा, तीन पावलं मागे आणि फेक, म्हणजे लाइनला दोन सेकंदच तग धरावा लागेल. पहिल्या डाउनला पास. स्मिथ, एग्बुका, टेट यांना पहिल्या दोन ड्राइव्हमध्येच गुंतवायचं. रन करायचाच तर टॅकलच्या बाहेरून, नाहीतर स्क्रीन, म्हणजे पुढे अडवणारे ठेवून मागच्या मागे दिलेला छोटा पास. टेनेसीचा पिअर्स कडेवरून फार वेगानं येतो, तेव्हा त्याच्या बाजूला टाइट एंड, म्हणजे टॅकलच्या शेजारचा खेळाडू, ठेवून जाता जाता त्याला धक्का द्यायचा. हेंडरसन पास वाचवायला उत्तम आहे, त्याला मागे ठेवता येतं.

आणि इथं तुझी तिकिटं येतात. हसू नकोस, नीट वाच.

प्लेऑफ पहिल्यांदाच बारा टीमचा आहे, आणि आपल्या मैदानावर प्लेऑफची मॅच आजवर कधी झालेली नाही. आपण आठवे, टेनेसी नववे. पाहुण्या टीमला अधिकृत कोटा साडेतीन हजार तिकिटांचा. बाकीचे लाखभर आपल्या माणसांच्या हातात. नॉक्सव्हिल इथून गाडीनं पाच-सहा तास, आणि ते लोक तर मिळेल त्या भावानं घ्यायला बसलेत. रागावलेल्या प्रत्येक सुन्यानं दोन-दोन काढली तर आपल्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या स्टेडियमात टेनेसीचा केशरी रंग किती भरेल?

त्याचा परिणाम नुसता दिसण्यावर नाही. हिन्झमनची हाक गार्डला आणि टॅकलला ऐकू जायला हवी. घरच्या मॅचला आपला बॉल असताना स्टेडियम शांत असतं, म्हणून ती जाते. पंचवीस-तीस हजार केशरी माणसं ओरडायला लागली की हॉवर्डला आपल्याच घरात मुक्या खुणांवर स्नॅप घ्यावा लागेल. गार्डनं मागे वळून बघायचं, मग सेंटरला थापटायचं, मग स्नॅप. त्यात टॅकल अर्धा क्षण उशिरा उठतो, आणि कडेला पिअर्स बसलाय. मिशिगननं जिथं आपल्याला फोडलं, नेमकी तीच जागा आपले लोक तिकिटं विकून पुन्हा उघडी करतायत.

उलट बाजूनं बघ. टेनेसी हडल करत नाही, म्हणजे घोळका करून ठरवत बसत नाही. एक प्ले संपला की लगेच रांगेत, साइडलाइनकडे बघून खूण घेतात आणि सुटतात. आपल्या लोकांची सवय अशी की तिसरा डाउन आला की ओरडायचं, मधल्या वेळात गप्प. या टीमसमोर ते चालणार नाही. प्ले संपल्याबरोबर ओरडायला लागायचं, थांबायचंच नाही, कारण त्यांचं बोलणं त्याच वेळात होतं. त्यांच्या पोरगेल्या क्वार्टरबॅकची, इयामालिआव्हाची, हाक त्याच्याच टॅकलला नीट ऐकू गेली नाही एवढं जरी झालं तरी सॉयर आणि तुइमोलोआऊ त्याच्यापर्यंत पोचतील. चार वर्षं थांबलेल्या पोरांसाठी आपल्याला एवढंच करता येतं, आणि ते तुझ्या त्या दोन सीटवरूनच होतं. टीव्हीसमोरून नाही.

डेवर हुर्यो करायची असेल तर कर. मॅच संपल्यावर कर. स्नॅपच्या आधी नको.

तिकिटं विक्रीला लावली असशील तर विकली जाईपर्यंत मागे घेता येतात. आजच घे. एकदा विकली आणि समोरच्याच्या फोनवर गेली की माझ्याही हातात काही राहणार नाही. पैशांची खरंच नड असेल तर स्पष्ट सांग, दोन्ही मी घेतो, पण लाल शर्टवाल्यालाच बसवायचं.

मॅच रात्री आठची आहे. डिसेंबरची रात्र, म्हणजे गारठा हाडात शिरणार. खाली लोकरीचा पातळ थर, सुती नको, घामानं ओला राहतो. थर्मोकोलचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा आण, पायाखाली टाकायला, कारण थंडी काँक्रीटमधून तळव्यात चढते, वरून कितीही घाल. बसायलाही एक घडी हवी, बाकं धातूची आहेत. बॅग पारदर्शकच चालते हे वहिनींना आधी सांग, मागच्या वेळचा तमाशा नको. हातात धरायच्या गरम पुड्या मी आणतो. गाडी लेन अव्हेन्यूच्या बाजूला लावू नकोस, सुटताना दोन तास अडकशील. माझ्याकडे लाव, तिथून जाऊ.

चिन्मयीचा कॉलेजचा अर्ज गेला का? फक्त अॅन आर्बर नको, बाकी कुठंही जाऊ दे. ग्रीन कार्डचं पुढे सरकलं तर कळव. नवीन मॅनेजरचं तू फोनवर सांगत होतास ते अर्धवट राहिलं, भेटीत सविस्तर. वैद्यकाकांना फोन कर, तुझी दोनदा चौकशी केली त्यांनी.

गुरुवारपर्यंत तिकिटांचं सांग. तुम्ही दोघं येणार असाल तर तांबडा-पांढरा घरीच करतो, संध्याकाळी पाचला जेवून साडेसहाला निघू.

तुझा,
बाळ्या